आतल्या वर्तुळातील गाणे

३ नोव्हेंबर, सोमवार

ताई आली. दोन ट्रंका, एक उशी, औषधांची पिशवी — आणि जुन्या चादरीत गुंडाळलेले रेकॉर्ड प्लेयरचे ते अवजड धूड! मी तिला स्पष्ट सांगितले होते की केवळ आवश्यक वस्तू आणाव्यात. माझे घर दोन खोल्यांचे आहे.

"हे आवश्यक नाहीच," ती म्हणाली. "टाकायला आणलंय. आमच्या तिथला भंगारवाला मला पसंत नाही."

यावर काय बोलावे! ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिच्या उत्तरावर प्रतिप्रश्न केला की दुसरे उत्तर मिळते आणि ते पहिल्यापेक्षा तिखट असते, एवढे मी जन्मभरात शिकलो आहे.  यंत्र खिडकीखालच्या टेबलावर ठेवले.

भावोजी गेल्यापासून ती त्या मोठ्या घरात एकटीच होती. आता गुडघे जिना चढू देत नाहीत. माझे घर तळमजल्यावर. मी तर पहिल्यापासूनच एकटा. "तुझं लग्न झालं नाही ते बरं झालं," चहा घेता घेता म्हणाली, "बिचारीनं 'जेवायला या' म्हटलं असतं तरी तू त्यात दोन चुका काढल्या असत्यास."

चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली. लोकांच्या चुका काढणे हा माझा व्यवसाय होता, छंद नव्हे. असे अनेकदा सांगून झाले आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

ट्रंक लावताना तळाशी ती सापडली — ताईची ध्वनिमुद्रिका. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, त्यावर दोरी, दोरीला तीन गाठी. एखादी वस्तू जपण्यासाठी इतक्या गाठी मारत नाहीत. ती पुन्हा उघडू नये म्हणून मारतात.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. या महिन्याच्या तेवीस तारखेला येते म्हणाली. "मामा, आईची रेकॉर्ड टाकू देऊ नकोस हं. मला हवीय. मी तिचं गाणं कधी ऐकलंच नाही रे. लहानपणी अंगाईसुद्धा नाही — मला झोपवायचे ते बाबा!"

फोन ठेवून ताईला सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती येण्याआधी मोडून टाकणार आहे. मी मेल्यावर चार माणसं बसून ऐकतील आणि पुन्हा हसतील, ते नको."

मोडणार! सहज म्हणाली — 'दूध तापवणार आहे' म्हणावे तसे.

लोक पहिल्यांदा हसले, त्या दिवसाचे येथे एकदा नीट लिहून ठेवतो. कोठेही लिहिलेले नाही. ताई चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. सहा नव्या गायकांची एक ध्वनिमुद्रिका निघाली. प्रत्येकाचे एक गाणे, सहाही एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला नुसते वाद्यसंगीत. ताईचे गाणे शेवटी. सासरी सगळा गोतावळा जमला, मलाही बोलावणे होते. पहिली पाच गाणी स्वच्छ वाजली. मग ताईचे आले. पहिले कडवे ठीक, दुसरे थोडे घोगरे, आणि शेवटच्या कडव्यात आवाज वर चढला तसा टराटर फाटला. फडक्याचे दोन तुकडे करावेत तसा!  मग तिच्या सासूबाई: "पाच जणांचं नीट, आमच्याच सुनेचं फाटकं!" त्यावर खोली हसली. वाईट हेतूने नव्हे. खोल्या अशाच हसतात.

त्यानंतर ताई गायली नाही. आमच्याकडे माहेरपणाला आली तरी नाही. भांडी घासताना गुणगुणणे नाही, काही नाही. आधीची ताई घरभर गात असे. मला शब्दांचे उच्चार तिच्यामुळे आले. ती 'ष' आणि 'श' निरनिराळे गायची.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ताई फिरायला गेली असता यंत्र चालू करून पाहिले. तिच्या दुसऱ्या ट्रंकेत आलेल्या, भावोजींच्या संग्रहातील पाच-सहा ध्वनिमुद्रिका लावल्या. ताईची नव्हे. तिच्या गाठींना मी हात लावलेला नाही.

काय आढळले? नामवंत गायक, निष्णात वादक — सर्वांची प्रारंभीची गाणी ठीक, आणि शेवटचे गाणे आले की आवाज फाटतो! सतारही फाटते! सतारीचा घसा कसा बसेल?

दोष यंत्राचा आहे. पन्नास वर्षांत हे कोणी तपासले नाही! कारण शेवटच्या गाण्यापर्यंत कोणी ऐकतच नाही. लोक आवडीचे ऐकतात आणि उठतात.

ताई दारात आली तशी सांगितले. इतक्या भरभर सांगितले की वाक्य अपूर्ण राहिले. तिने चपला काढल्या, काठी कोपऱ्यात ठेवली, बसली.

"म्हणजे माझा आवाज फुटलाच नाही, असं तुझं म्हणणं."

"मी असे म्हटलेले नाही. यंत्र सदोष आहे, एवढेच सिद्ध होते."

"मग झालं तर."

"यंत्र नीट करून मग ऐकले पाहिजे."

"आणि तरी फुटला तर?"

 मग तिनेच सुचवले: "करार कर. तुझी भाची यायच्या आत तुझं यंत्र ठाकठीक कर. एकदा ऐकू. तरी आवाज फुटला, तर रेकॉर्ड मी माझ्या हातानं मोडीन आणि तू मध्ये पडायचं नाहीस. कबूल?"

मी म्हटले, "कबूल."

"बघ हं, शुद्धिपत्र!" लहानपणापासून मला ती हेच म्हणते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

यंत्राच्या खालच्या कप्प्यात माहितीपुस्तिका आहे. भाषांतर भयंकर! 'सुई ही स्वच्छ ठेवण्यात यावी अन्यथा ती ध्वनीस हानी पोहोचली जाईल.' कोणाला कोण पोहोचले, देव जाणे. पेन्सिलीने दुरुस्त करीत करीत वाचली, त्यामुळे वेळ लागला. पण मजकूर मात्र मोलाचा आहे.

मला उमगले ते असे. तबकडी फिरते एकाच वेगाने. बाहेरचे वर्तुळ मोठे, आतले लहान. पहिल्या गायकाच्या एका तानेला लांबलचक रस्ता मिळतो. शेवटच्या गायकाची तेवढीच तान त्याच्या निम्म्याहून कमी लांबीत कोंबावी लागते. सुई ज्या खाचेतून चालते, तिची वळणे तेथे दाट आणि आखूड. सुई झिजलेली असेल, तिरकी बसली असेल, तिच्यावर भार कमी-अधिक असेल, तर बाहेरच्या वर्तुळात ते खपून जाते. आत खपत नाही.

म्हणजे ताईला शेवटी ठेवले, तेथेच तिच्या वाट्याला सर्वांत अरुंद जागा आली. ती आजवर समजते, 'शेवटची म्हणून शेवटी ठेवली.'

जेवताना हे तिला सांगितले. ऐकले. म्हणाली, "भात घे अजून."

८ नोव्हेंबर, शनिवार

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण नाही, पण उत्साही. "काका, हे म्युझियमला द्या! मी तुम्हाला एवढुसा स्पीकर देतो, खिशात मावेल, हजार गाणी."

मी म्हटले, मला एकच गाणे ऐकायचे आहे.

"एकासाठी एवढी खटपट? कुणाचं आहे?"

"माझ्या बहिणीचे."

यानंतर तो काउंटरवरून उतरून आत गेला, आणि बराच वेळ खोकी पाडण्याचे आवाज आले. बाहेर आला तो धुळीने माखलेला. नवी सुई दिली, आणि सुईचा भार मोजण्याचा एक चिमुकला काटा उसना दिला. "बसवताना चार केसासारख्या वायरी दिसतील. त्यांना हात लावू नका. तुटल्या तर माझ्याकडेच या — पण तोडू नका!"

१० नोव्हेंबर, सोमवार

प्रथम पाया. टेबल डावीकडे कलते आहे! मी याच टेबलावर अकरा वर्षे लिहितो आहे आणि मला पत्ता नाही. समोर बांधकाम चालू आहे. तेथल्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली. काचेच्या नळीतला बुडबुडा मध्यावर येईना. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या. एक घडी कमी — बुडबुडा डावीकडे. एक जास्त — उजवीकडे. शेवटी पोस्टकार्डाची अर्धी पट्टी घातली तेव्हा मधोमध स्थिरावला.

ताई पाहत होती. "आता त्यावर चहा ठेवला तर सरळ उभा राहील का?"

"चहा त्यावर ठेवायचा नाही."

"बरं, बरं."

११ नोव्हेंबर, मंगळवार

अडचण.

यंत्राची दांडी, जिच्या टोकाला सुई असते, तिच्या खालच्या अंगाला काहीतरी बांधलेले आहे. भिंग लावून पाहिले. पितळी नट. काळ्या दोऱ्याने घट्ट आवळलेला, वर मेण लावलेले. पुस्तिकेत असे काही नाही. चिमुकल्या काट्यावर भार मोजला, तर असावयास हवा त्याच्या जवळजवळ तिप्पट! सुई खाचेतून चालत नाही, नांगरते.

कात्री घेतली. तेवढ्यात मागून ताई: "त्याला हात लावायचा नाही."

मी थबकलो. असा आवाज तिचा मी पूर्वी ऐकलेला नाही.

मग तिने सांगितले. त्या दिवशी सगळे हसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी भावोजी कचेरीतून लवकर आले. दार लावून घेतले. म्हणाले, "तुझा आवाज फाटेल कसा? सुई हलकी आहे, उडते आहे. जरा जड केली की खाच धरून राहील." सायकलच्या डब्यातला नट काढला. दोरा तिच्याच शिवणाच्या डब्यातला. तासभर खपून बांधला. मग दोघांनी बसून ऐकले.

"आणि आणखीच वाईट वाजलं," ताई म्हणाली. "मग ते काही बोलले नाहीत. मीही नाही. पण बांधला होता ना त्यांनी."

ती आत गेली.

काय करावे? नट असेपर्यंत सर्व व्यर्थ आहे, हे निर्विवाद. तो दोरा कापू नये, हेही निर्विवाद. दोन निर्विवाद विधाने एकमेकांशी भांडतात तेव्हा काय करावयाचे, हे मला छापखान्यात कोणी शिकवले नाही. कात्री खणात ठेवली.

भल्या माणसाने भल्यासाठीच तिच्या आवाजावर भार टाकला. यात दोष कोणाला द्यावा?

१२ नोव्हेंबर, बुधवार

ताई बोलत नाही. मीठ मागितले तर खूण करते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी चहा करून बाहेर आलो, तर ताई टेबलापाशी. चष्मा नाकावर, हातात केसांची पिन. मेण आधीच खरवडून काढलेले. ती दोऱ्याची गाठ सोडवीत होती — कापत नव्हती, सोडवीत होती. पन्नास वर्षांची गाठ!

"ताई, मी —"

"हलू नकोस. टेबल हलतं."

मी दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन उभा. बोटे भाजली तरी हललो नाही. तिची बोटे वाकडी झालेली, संधिवाताची. तरी पिनेचे टोक बरोबर त्या फासात जात होते. एकदा पिन निसटली तेव्हा पुटपुटली, "गाठी मारायचा भारी सोस होता यांना. बुटाच्या नाडीलासुद्धा तीन."

दोरा सुटला. नट तिच्या तळहातावर. तिने तो पदराने पुसला, कनवटीला लावला, आणि म्हणाली, "आता कर तुला काय करायचं ते."

चहा गार झाला होता. तसाच घेतला. दोघांनीही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वायर तुटली! दुकानदाराने बजावले होते तीच. जुनी सुई काढताना चिमटा सरकला. आता उजव्या बाजूचा आवाजच नाही.

ताईला सांगण्याचा धीर होईना. सांगितले. ती हसली. आल्यापासून प्रथमच. "तुझ्या हातून चूक झाली? थांब, दारावर पाटी लावते."

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुकानदाराने वायर जोडून दिली. पैसे घेईना. "गाणं नीट वाजलं की कळवा मात्र."

दुपारभर दांडीचा तोल. मागचे वजन थोडे थोडे फिरवावयाचे, जोवर दांडी तराजूसारखी अधांतरी, आडवी, स्वस्थ राहत नाही. ती तशी राहिली तेव्हा मी श्वास घेतला आणि ती माझ्या श्वासाने हलली. मग पुस्तिकेत सांगितला तेवढाच भार दिला. बाजूला आणखी एक लहान खुंटी आहे. फिरताना दांडी आत ओढली जाते, त्या ओढीला ती खुंटी मागे धरते. तीही जुळवली.

ताईला म्हटले, "भार इतकाच हवा की सुई खाच सोडणार नाही, आणि खाच सुईला कंटाळणार नाही."

"हे तुला कळतं," ती म्हणाली, "आणि तरी तू एकटाच राहिलास."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मुख्य काम. सुई ज्या डबीत बसते ती दांडीच्या टोकाला दोन स्क्रूंनी जोडलेली असते. ती डबी सरळ हवी. पुस्तिकेतल्या नकाशावरून रेघांचा कागद स्वतः आखला. त्यावर दोन बिंदू — एक बाहेरचा, एक आतला. दोन्ही ठिकाणी डबीच्या कडा रेघांना समांतर आल्या पाहिजेत. बाहेर त्या समांतर होत्या. आत? आत डबी तिरकी! अगदी किंचित, पण ओळ तिरकी गेली की ती मला दिसते. छापखान्यात मी ती डोळे मिटूनही सांगे.

एक स्क्रू सैल, डबी केसभर मागे, पुन्हा तपास. बाहेर जुळले तर आत बिघडते. आत जुळवले तर बाहेर. चार वेळा चष्मा पुसला. दोन्हीकडे जुळले तेव्हा सूर्य खिडकीतून सरकला होता आणि मान वळेनाशी झाली होती.

मग ती सतार लावली. ती शेवटच्या चक्रापर्यंत वाजली. प्रत्येक तार सुटी! तारेवरून बोट सरकल्याचासुद्धा आवाज आला. यंत्र नीट झाले आहे.

आता फक्त एक उरली.

आज ताईने ट्रंक उघडली, पाहिली, मिटली. मला वाटले होते, आनंद होईल. भीती वाटते. सबब म्हणून यंत्र होते. ते आता राहिले नाही. उद्या जे वाजेल ते खरे असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज नको म्हणाली. मीही आग्रह केला नाही.

संध्याकाळी आपणहून विषय काढला. "गाताना मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलंच नाही. शेवटच्या कडव्यातल्या त्या जागेला मला वाटलं होतं — आवाज गेला. रेकॉर्डिंगच्या त्या काचेच्या खोलीत, गातानाच. मग म्हटलं, नसेल. कुणी काही बोललं नाही. आणि घरी आल्यावर सगळ्यांनी ऐकलं."

मग म्हणाली, "तू खोटं बोलणार नाहीस. फुटला तर फुटला म्हणशील. म्हणूनच तुझ्याशी करार केला."

मी म्हटले, "होय." 

२० नोव्हेंबर, गुरुवार

ऐकले.

तिन्ही गाठी तिनेच सोडल्या. मी ध्वनिमुद्रिका कडेने धरून तबकडीवर ठेवली, मऊ फडक्याने पुसली. विचारले, "थेट तुझ्याच गाण्यावर सुई ठेवू का?"

"पहिल्यापासून लाव. माझी पाळी येईपर्यंत बसून राहायची सवय आहे मला."

बसलो. पाच गाणी झाली. चांगली होती, बरी होती. काय होती ते मला आता सांगता येणार नाही. ताईने खुर्चीचा हात धरला होता.

मग ती आली. ती — चोवीस-पंचवीस वर्षांची! मला वाटले कोणी मागच्या खोलीतून गात बाहेर येते आहे. पहिले कडवे. दुसरे. त्या दिवशी घोगरे वाटले होते ते येथे नव्हते. शब्द इतके स्वच्छ की मी ओठांनी मागोमाग म्हणत होतो. कधी सुरुवात केली, ध्यानात नाही.

शेवटचे कडवे. आवाज चढू लागला. मी ताईकडे पाहिले नाही. चढला, चढला, आणि अगदी टोकाला एक बारीक चीर गेली. दोऱ्याला पीळ देताना एखादा धागा सुटावा तशी. पुढच्याच स्वराला तिने तो पकडला, गुंडाळून घेतला आणि खाली उतरली. गाणे संपले. सुई आपली कुरकुरत राहिली. मी उठून ती उचलली.

"फुटला ना?" ताई.

म्हणता आले असते — खाच झिजली आहे. म्हणता आले असते — नट लावून वाजवल्याचा ओरखडा असेल. दोन्ही गोष्टी शक्य होत्या. तिने मानल्याही असत्या.

"फुटला," मी म्हणालो. "बारीक. क्षणभर."

"परत लाव. तेवढंच."

लावले. पुन्हा तीच जागा. ती पुढे झुकली, कान यंत्राजवळ.

"एवढंसंच होतं?"

मी सुई उचलून दांडी जागेवर ठेवली.

"अरे, एवढंसंच होतं होय?"

"होय, ताई."

ती हसेल असे वाटले, रडेल असेही वाटले. ती रागावली! "मग खोलीभर कुणी केलं त्याचं?"

"यंत्राने."

"यंत्रानं दोनदा केलं रे. बाकीची पन्नास वर्षं कुणी?"

 ती खुर्चीचा आधार घेत उठली, ध्वनिमुद्रिका उचलली, खोलीत गेली आणि दार लावून घेतले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ध्वनिमुद्रिका तिच्याजवळच आहे. मोडल्याचा आवाज आलेला नाही. मी मुद्दाम स्वयंपाकघरात बसून राहिलो होतो. तेथून ऐकू येते.

दुपारी धीर करून विचारले. "करार तर करार," ती म्हणाली.

करारात शब्द होते 'आवाज फुटला तर'. किती फुटला तर, हे नव्हते. असा सैल मसुदा दुसऱ्या कोणाचा असता तर मी क्षणभर खपवून घेतला नसता! आता बोलण्याचा अधिकार नाही. मध्ये पडायचे नाही, हेही कबूल केले आहे.

दुकानदाराला फोन केला. "वाजलं?" म्हणाला. म्हटले, वाजले. "कसं?" म्हटले, नंतर सांगतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भाची उद्या येते. तिला काय सांगावे? 'तुझ्या आईचे गाणे मी ऐकले, सुंदर होते, आता नाही' — असे?

ताई विचित्र वागते आहे. सारखे कोमट पाणी पिते. घसा धरला आहे काय, डॉक्टरांकडे जावयाचे काय, म्हणून विचारले.

"तुझं काम कर."

माझे काम संपले आहे, हे तिला कोण सांगणार!

२३ नोव्हेंबर, रविवार

भाची आली. ताईने ध्वनिमुद्रिका बाहेर आणली — अखंड! मी ती तबकडीवर ठेवली आणि दांडी उचलली. "राहू दे रे ती," ताई म्हणाली. खुर्चीत सरळ बसली, लेकीकडे पाहिले, आणि तेच गाणे पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत स्वतः गायली. आवाज जागोजागी फुटला. किती ठिकाणी, ते मी मोजले नाही.